सातपैकी सात

(उल्हासनगरातली एक प्रयोगशाळा. सुजित इथला तंत्रज्ञ. कौसाबाई चामटोलीहून आल्यात.)

सुजित : मावशी, तांदळाच्या डब्यात चौदा गोळ्या सापडल्या. तुमच्या सुनेचा, वैष्णवीवहिनींचा फोन होता.

कौसाबाई : तांदळाला किडे लागतात.

सुजित : ती अँटिबायोटिकं आहेत, कडुनिंबाचा पाला नव्हे!

कौसाबाई : किडे मेले पण.

सुजित : तांदळातले मेले. तुमच्या लघवीतले मजेत आहेत. हा तिसरा रिपोर्ट. आता पाठ पण दुखायला लागली ना? डॉक्टर कीर्ती मॅडम म्हणाल्या, ह्या वेळी कोर्स पुरा केला नाही तर किडनीवर जाईल. मग ॲडमिटच.

कौसाबाई : तूच तं सांगितलंस, ते त्यांचे हायत.

सुजित : कोणाचे?

कौसाबाई : आमच्या ह्यांचे.

सुजित : अहो, मी फक्त एवढंच म्हणालो की...

कौसाबाई : म्हणालास? फोनवर ओरडलास! ‘मावशी, जुळले! सातपैकी सात!’ मना वाटलं, नातीचं लगीन जुळलं.

सुजित : चुकलंच माझं. असं मी सांगायचंच नसतं, डॉक्टरांनी सांगायचं. पण दोन वर्षं चाळीस घरांतले जंतू जुळवत बसलोय. नवरा-बायकोचे एवढे चोख जुळलेले पहिल्यांदाच बघितले. राहवलं नाही.

कौसाबाई : परत सांग. सावकाश.

सुजित : जंतूची सात जनुकं आम्ही तपासतो. कुळाच्या खुणाच समजा. दोन जंतूंची सातही सारखी निघाली, की कूळ एक. भगवानकाकांना उन्हाळी लागली होती, तेव्हा त्यांच्या लघवीत जे कूळ मिळालं, तेच आता तुमच्यात. एका घरात राहिलं की होतं असं.

कौसाबाई : आमच्या लग्नात भटजीने सतराच गुण काढलेले. अठराव्यासाठी माझ्या बापाने नारळ दिला.

सुजित : इथे नारळ लागला नाही.

कौसाबाई : तेच बोलते मी. दीड वर्ष झालं त्यांना जाऊन. कपडे वाटले. सायकल पुतण्याने नेली. फोटोत तं दुसराच माणूस हाय, स्टुडिओवाल्याने कोट चढवलाय. जित्तं असं त्यांचं काय उरलं माझ्याकडे? हे एवढंच. आणि तू बोलतोस, सकाळ-संध्याकाळ जेवल्यावर एकेक गोळी घे आणि मारून टाक.

सुजित : मावशी, ते काका नाहीत. ई. कोलाय आहे ते.

कौसाबाई : आमचे हे पण असेच. एकदा बसले की उठायचं नाव नाय. आणि रात्री चारदा मना उठवायचे, दिवा लाव म्हणून. आता हे जंतू उठवतात. अर्धवट झोपेत बाजूला हात जातो रे.

सुजित : ...जळजळ होत असेल ना पण?

कौसाबाई : होते की. चाळीस वर्षं कुठे गार वाटत होतं?

सुजित : इकडे या. ह्या फ्रीझरमध्ये बघा. हात नका लावू. ही छोटी नळी, एकशे चौदा नंबर. ही काकांची.

कौसाबाई : मेलेत?

सुजित : झोपलेत. वीस वर्षांनी काढून ऊब दिली तरी उठतील. तुमच्यातले गेले तरी हे कुठे जात नाहीत.

कौसाबाई : नाव नाय घातलंस?

सुजित : नाव घालायची परवानगी नाही.

कौसाबाई : असू दे. जांभूळ गावाला पंपावर कामाला होते, तिथे पण बिल्ल्यावर नंबरच होता. थंडी किती हाय आत?

सुजित : उणे ऐंशी.

कौसाबाई : अगं बाई! पंखा दोनवर केला तरी भांडायचे. माझी नळी कुठे हाय?

सुजित : एकशे नव्वद. खालच्या कप्प्यात.

कौसाबाई : बाजूला ठेव त्यांच्या.

सुजित : नंबरवार लावायच्या असतात, मावशी.

कौसाबाई : सातपैकी सात जुळले ना?

सुजित : ...ठेवतो. जागा बदलली म्हणून वहीत लिहीन. मॅडमना मी सांगतो. पण गोळी इथे, माझ्यासमोर घ्यायची. नवं पाकीट आणलंय.

कौसाबाई : आण. जेवूनच आलेय.

सुजित : ग्लासभर पाणी प्या. हां. आता तेरा राहिल्या, वहिनींना दाखवून घ्यायच्या.

कौसाबाई : घेते रे. तू आधी ते दार लाव. आणि हळू लाव. त्यांची झोप सावध हाय.