शॉकअपमधली हवा

शिरूरच्या गॅरेजात मी पंक्चर निघायची वाट बघत होतो. शेजारी एक म्हातारी मांडीवर बाळाची कुंची घेऊन बसली होती. तिचा लेक मिस्त्रीपुढं मोटारसायकल धरून उभा होता.

“पुढचा शॉकअप लई आदळतोय. आईला कारेगावला न्यायचीय, ताईच्या लेकीचं बारसं हाय.”

“मी येष्टीनं जाते. ह्याच्या गाडीवर माझी हाडं खिळखिळी झाली.”

“येष्टी तीनला हाय आई. बारसं बाराला.”

“शॉकअपचं ऑइल कवा बदललं?”

“परवाच, घरी. आईला दणके बसू नयेत म्हणून चांगलं दीडपट भरलं.”

“दीडपट?”

“आखाला वंगण जास्त घातलं की बैलगाडी हलकी चालती, तसं.”

“ती बैलगाडी. ह्या नळीत स्प्रिंग दबती, ऑइल बारीक भोकातनं सावकाश सरकतं, म्हणून गाडी उसळत न्हाई. आन् वर हवेला जागा लागती. ती तुम्ही ठेवलीच न्हाई, मग शॉकअप दबणार कुठं? बघा, नळीच्या तोंडाचं रबरी सील फाटून ऑइल गळाय लागलंय.”

“म्हंजी मीच आईला दणके दिले.”

“सील बदलतो, ऑइल मापात भरतो. अर्ध्या तासात निघाल.”

अर्ध्या तासानं मिस्त्रीनं तिला हाक मारली.

“मावशी, बसा गाडीवर. मी पुढचा ब्रेक धरून हँडल खाली दाबतो. बसला दणका?”

“न्हाई.”

“चल मग आई, निघू.”

“थांब जरा. मिस्त्री, आणखी एकदा दाबा.”