म्हाताऱ्या ट्रकला सिंथेटिक तेल

अरे, माझं लग्न ट्रकच्या तेलावरून मोडता मोडता राहिलं. ट्रक बावीस वर्षांचा. गोंदियाचा दुकानदार म्हणाला, "भैया, सिंथेटिक डालो, गाडी मक्खन चलेगी." काका म्हणाले, "म्हाताऱ्या इंजिनले हे चोचले कायले? नेहमीचं जाड तेल टाक." मी ऐकलं नाही.

केशोरीला धान उतरवलं आणि तिथंच काकांना घेऊन मुलगी पाहायला गेलो. मुलीच्या वडिलांचं गॅरेज, म्हणून मी ट्रक ऐटीत त्यांच्या सारवलेल्या अंगणातच उभा केला. चहा येईस्तोवर गाडीखाली काळं डबकं साचलं. काकांनी मान खाली घातली.

चहा घेऊन आलेल्या मुलीनंच विचारलं, "कोणतं तेल टाकलं जी?"

"सिंथेटिक."

"काऊन? जुन्या इंजिनात मळीनंच फटी बुजून राहतात. या तेलानं मळी धुतली, आता गळून राहिलं."

"मग आता?" मी विचारलं.

चहाचा ट्रे माझ्या हातात देऊन ती ट्रकखाली वाकली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, पोरगा चालते! गाडीचं मी पाहून घेईन."