मार्थाताईंची साक्ष

अकोल्याच्या स्टँडवर अमरावतीच्या गाडीसाठी रांग लागली होती. माझ्यापुढं दोन बाया, दोघींच्या काखेत बायबल.

"मार्थाताई, रविवारी चर्चमध्ये साक्ष द्याची हाय तुमाले. प्रभूनं प्रार्थना ऐकली तुमची!"

"मी नाई देत."

"काहून? तुमच्या योनाथानचं त्या बौद्ध पोरीसंगचं लग्न मोडावं म्हून अख्ख्या महिला मंडळानं उपास केला. मोडलं ना?"

"प्रभूनं नाई मोडलं, रिबका. मी मोडलं. तिच्या घरी जाऊन बोलून आली मी."

"बरं झालं! पोरगं वाचलं."

"पोरगं माह्या हातचं जेवत नाई आता. काल त्या पोरीचाच फोन आला. म्हने, आई, तो जेवते काय?"

"तिले आई म्हनायले काय जाते! त्या दिवशी तुमच्या तोंडून प्रभूच बोलला समजा."

"मी तिच्या बापाची जात काढली, भर अंगणात. प्रभू जात काढते काय?"

"हळू बोला ना ताई, मांगं लोक ऐकून राहिले."

"ऐकू दे. रविवारी मायकावर हेच सांगू काय?"

"रविवारी तुमी येऊच नका. ताप हाय म्हून सांगते मी मंडळीले."