नाक माझं, माप त्यांचं

...आणि वर मलाच म्हणते, "आजोबा, हलू नका!" अहो, हलू नका काय? तुम्हाला सांगतो, ती डॉक्टरीण पोरगी खाली वाकून माझ्या नाकपुड्यांचे फोटो काढतेय, खालून! माणसानं माणसाला खालून बघावं का कधी? शी! आणि ते फोटो भिंतीवर, दाराएवढे, समोर वीस शिकाऊ डॉक्टर वह्या उघडून... नाकातले केस बघून एकीनं तोंडाला रुमाल लावला. मला नाही का किळस येत? पण विचारतंय कोण! नाक माझं, माप त्यांचं!

झालं काय, तर नाकाच्या डाव्या अंगाला, चष्मा टेकतो ना, नेमका तिथं एक फोड आला. खपली धरायची, रुमाल लागला की रक्त. सहा महिने मी मलम चोपडत बसलो. मग मोठे डॉक्टर म्हणाले, "कातडीचा कॅन्सर आहे, कापू, बरा होईल." कापला, बरा झाला, त्याबद्दल त्यांचे पाय धरीन, तक्रार नाही. पण खड्डा पडला ना, तो बुजवायला गालाची कातडी ओढून नाकावर शिवली. आता गालाला काय येतं? दाढी! म्हणजे मी रोज सकाळी नाकाची दाढी करतो! बायको आरसा धरते आणि स्वतः खिडकीबाहेर बघते. चाळीस वर्षांचा संसार आमचा!

आणि दर तीन महिन्यांनी ही मोजणी. नाकावर निळे ठिपके, हनुवटीखाली ठोकळा... "टोक दीड मिलिमीटर उजवीकडे, आजोबा." मी म्हटलं, बाई, चष्मा बसत नाही. "डावी नाकपुडी एक मिलिमीटर अरुंद." अगं, घसरतो चष्मा! "नाकाबद्दल किती समाधानी? एक ते दहा सांगा." अहो, मी सुतार माणूस! पन्नास वर्षं करवतींना धार लावतोय, चष्मा नसेल तर मला करवतीचे दात दिसत नाहीत, उद्या बोट जाईल, दुकानाला कुलूप लागेल! तर तिनं कागद उलटापालटा केला आणि म्हणाली, "चष्म्याचा रकाना नाही यात."

रकाना नाही! आम्ही चौकट मापतो ती दार बसावं म्हणून. नुसतीच चौकट मापून घरी जाणारा सुतार बघितलाय का कुणी? पण नाही... नाक माझं, माप त्यांचं!

सून म्हणाली, "बाबा, चष्म्याला दोरी बांधा." बांधली. वाकलो की चष्मा छातीवर, भुसा डोळ्यांत. शेवटी चिडलो, एक ढलपी घेतली, तासली, घासली, नाकावर लावून बघितली, पुन्हा घासली, दोन दिवस हेच, आणि चष्म्याच्या डाव्या बाजूला चिकटवली पाचर. नखाएवढी! चष्मा असा बसला, की शिंकलो तरी हलेना. करवतीचा दात न् दात दिसायला लागला, डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

पुढच्या मोजणीला तसाच गेलो, बायकोला घेऊन. पोरगी बघतच राहिली. "आजोबा, हे कुणी केलं?" म्हटलं, ज्याचं नाक त्यानं. तिनं चष्मा उचलला, धावत मोठ्या डॉक्टरांकडे. ते आले, चष्मा माझ्या नाकावर लावला, काढला, पाचर वीस पोरांना दाखवली. मी आपला ताठ बसलो, म्हटलं, आता तरी रकाना पडेल कागदात. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, असे अजून आहेत हो आमच्याकडे. पाठवू का तुमच्याकडे?" आणि बायको माझ्या आधी बोलली, "पाठवा की!"

आता दर सोमवारी दुकानात बाकावर चार म्हातारे. एकाला सर्दी, एक सारखा शिंकतो, एकाच्या नाकाला माझ्यापेक्षा दाट दाढी. शी! आणि मी हातात पट्टी घेऊन, त्यांच्या नाकपुड्यांखाली वाकून, खालून बघत ओरडतोय, "हलू नका हो, आजोबा!"

नाक त्यांचं, माप माझं... दुसरं काय!