आजी कशानं गेल्या?

प्रणिता : आजी, जागी आहेस? मी आहे, प्रणिता.

गंगासागर : हळू बोल. पाव्हणे गेले का?

प्रणिता : बसलेत अजून. मुलाच्या आईनं मला विचारलं, तुझ्या आजी कशानं गेल्या? मला वाटलं गंमत करतायत. मी हसले. तर बाबा म्हणाले, हार्ट अटॅकनं. अंबाजोगाईला नेता नेता.

गंगासागर : हार्ट अटॅक? सकाळी तर तुझ्या आईनं कावीळ सांगितली मला. दोघांनी बसून एक काय ते ठरवायचं.

प्रणिता : म्हणजे तुला माहीत होतं?

गंगासागर : मला सांगावंच लागलं त्यास्नी. न्हाईतर मी खोकले असते की.

प्रणिता : अगं, तू जिवंत आहेस.

गंगासागर : रडतीस कावून? अर्धं अंग लुळं, तोंड वाकडं, लाळ गळती. डॉक्टराचं स्थळ. लकवा तुमच्या घराण्यातच हाय का, म्हणून विचारलं असतं. तुझं भलं व्हावं म्हणून मी बी हो म्हणले.

प्रणिता : तुझ्या पगारावर बाबा एमए झाले. सिरसाळ्यात दारोदार फिरून तू पोरी शाळेत आणल्यास.

गंगासागर : ते तरी सांगितलं का त्यास्नी?

प्रणिता : सांगितलं ना. फोटो दाखवून. तू आदर्श शिक्षिका झालीस तेव्हाचा, तो समोरच्या भिंतीवर लावलाय. चंदनाचा हार घालून.

गंगासागर : हार?

प्रणिता : हो.

गंगासागर : माझ्या फोटोला हार घातला विश्वेश्वरनं, तुझ्या बापानं?

प्रणिता : मी आत्ताच बघितला, आजी.

गंगासागर : मला वाटलं, नुसतं तोंडानं म्हणतील. हाराचं कुणी बोललं न्हाई मला. ... फोटोतली बाई मिरवाया पायजे त्याला, खाटंवरली नको. लई लागलं गं हे. माझी खुर्ची आण, चाकाची.

प्रणिता : बाहेर येतेस?

गंगासागर : येते. तुझं लग्न मोडलं तर?

प्रणिता : भीती वाटतेय मला. पण तू इथं अशी असताना मला तिथं बसवत नाही. हात टाक माझ्या गळ्यात.

गंगासागर : आदी तोंड पूस माझं. पदर नीट कर.

(दारावर टकटक.)

विश्वेश्वर : प्रणिता, आत कुणाशी बोलतेस? पाहुणे विचारतायत.

प्रणिता : आजीशी, बाबा. दाराची दुसरी फळी उघडा, खुर्ची निघत नाही.