शेवटची चकती

सासरे : तुम्ही आपले त्या खुर्चीवर बसा, जावईबापू. इथं भुसा आहे, पँटची वाट लागेल.

जावई : लग्न झाल्यापासून त्या खुर्चीवरच बसतोय, बाबा. आज काम करायला आलोय. रंधे पुसून खोक्यात भरायचेत ना?

सासरे : ते मी भरीन. संध्याकाळी माणूस येतोय बघायला. पसंत पडले तर घेऊन जाईल. तुम्ही चहा घ्या.

लेक : बाबा, पाहुणा नाही हो तो. रोज घरी भांडी घासतो.

सासरे : तुझ्या घरी घासू दे. माझ्या घरी जावई आहे.

जावई : पण विकायचेच कशाला? कालपर्यंत तर तुम्ही आम्हाला कुणाला रंध्याला बोट लावू देत नव्हता.

सासरे : हात गेला माझा. कधी थांबायचं ते माणसाला कळायला हवं. ही फळी घ्या. आडवं बोट फिरवा तिच्यावरून.

जावई : गुळगुळीत आहे की.

सासरे : अजून थोडं पुढं.

जावई : हां. रेघ लागली. केसाएवढी.

सासरे : प्रत्येक फळीवर तीच. पात्याला बारीक खाच पडते आणि ती लाकडावर उमटते. धार लावतो, खाच जाते. पुन्हा लावतो, नवी पडते. माझ्या फळीवर हात फिरवून लोक विचारायचे, काच आहे का म्हणून. आता काय विचारतील?

लेक : मला एका शब्दानं बोलला नाहीत.

सासरे : काय बोलू? बाप थरथरायला लागला म्हणून सांगू?

जावई : हात पुढं करा.

सासरे : काय?

जावई : दोन्ही. बोटं पसरा. डोळे मिटा.

सासरे : हा तुमचा दवाखाना नाही, जावईबापू.

लेक : करा हो बाबा. वॉर्डात दिवसभर लोकांचे हातच धरून असतो तो. सुया टोचायच्या आणि पट्ट्या लावायच्या.

जावई : आता डोळे उघडा, हा पेन्सिलीचा तुकडा उचला. ठेवा. बास. थरथर नाहीये, बाबा. आमच्या मोठ्या डॉक्टरांचा हात याहून जास्त हलतो.

सासरे : मग खाच काय भुतानं पाडली?

जावई : कधीपासून पडतेय?

सासरे : उन्हाळा संपला तेव्हापासून.

जावई : आणि हे धारेचं मशीन कधी घेतलंत?

सासरे : दगड झिजून मध्ये खोल गेला, तेव्हा घेतलं.

लेक : कधी, बाबा?

सासरे : ...उन्हाळा संपताना.

लेक : झालं! आणि खापर बिचाऱ्या हाताच्या माथी.

सासरे : तू गप गं. मशीन चांगलं आहे. खाली काचेची जाड तबकडी, तिच्यावर ही खरखरीत चकती चिकटवायची, बटण दाबलं की फिरते. पातं नुसतं टेकवायचं.

जावई : बत्ती आडवी धरता का जरा? अगदी खाली, काचेच्या पातळीत. आता डोळा खाली आणा. ती सावली दिसली?

सासरे : कुठं?

जावई : माझ्या नखापुढं. चकती तिथं फुगलीय. दर फेऱ्याला तो फुगवटा पात्यावर आपटतो.

सासरे : चकतीच बोगस असणार. याआधीची पण तशीच निघाली.

जावई : चिकटवताना मागचा कागद कसा काढता?

सासरे : कसा म्हणजे? सगळा सोलायचा आणि चकती द्यायची ठेवून.

जावई : इथंच? या टेबलावर?

सासरे : मग काय देवघरात?

लेक : बाबा, तुमच्या भुवयांवरसुद्धा भुसा आहे.

जावई : ही चकती काढून बघू. थोडी ऊब दिली की डिंक सुटेल. घरातून हेअर ड्रायर आणतेस?

लेक : आणते. बाबांच्या टकलाला कधी लागला नाही, कारखान्याला तरी लागू दे.

(ड्रायरची घरघर. चकती कडेकडेनं सुटते.)

जावई : हे बघा तुमचं भूत. लाकडाचा एक कण. शेजारी हवेचा बुडबुडा.

सासरे : एवढासा?

जावई : एवढासाच. नवी चकती आहे ना?

सासरे : एकच उरलीय. आणि ही जात आता दुकानात येत नाही. बिघडली तर झालं.

जावई : मग तुम्हीच लावा. मी सांगतो.

सासरे : मला जवळचं धड दिसत नाही. आधीच्या दोन्ही मीच लावल्या होत्या ना? आता... तुम्ही लावा.

लेक : बाबा!

सासरे : ओरडू नकोस, भुसा उडेल. खिडकी लाव, पंखा बंद कर आणि ही बत्ती धर.

जावई : काच स्पिरिटनं पुसतो. पट्टी लावण्याआधी कातडी पुसतात, तसंच. झालं. चकचकीत.

सासरे : थांबा. हात लावू द्या. ...आहे. इथं आहे काहीतरी.

जावई : मला तर काहीच दिसत नाही.

सासरे : दिसत नसेल. बोटाला लागतंय. जुना डिंक राहिलाय. पुसा परत. हं. अजून. आता काच झाली.

जावई : बाबा, हात गेला म्हणत होता ना?

सासरे : कामाकडे लक्ष द्या.

जावई : कागद सगळा नाही सोलायचा. अर्धाच, आणि मागं दुमडायचा. चकतीचं भोक मधल्या खुंटीवर बसवलं. आता मधूनच टेकवायची आणि बाहेरच्या बाजूला बोटानं हवा ढकलत न्यायची. घाई केली की सुरकुती.

सासरे : सावकाश.

जावई : सावकाशच चाललंय. आता हा राहिलेला कागद खालून हळूहळू कुणीतरी ओढायला हवा. माझे दोन्ही हात गुंतलेत.

सासरे : मी ओढतो. तू दाब.

जावई : थोडा तिरका घ्या.

सासरे : अरे, तुझं कोपर वर घे, बत्ती अडतेय. हां. दाब. दाब. इथं हवा राहिली बघ.

जावई : ढकलली. गेली?

सासरे : सरक, बोट फिरवू दे. ...गेली.

लेक : बत्ती धरून माझा हात थरथरायला लागला. कुणी तपासणार आहे का?

सासरे : तुझा पहिल्यापासून तसाच आहे. दे ते पातं इकडं. आणि तू इकडं ये रे, मशीनच्या पलीकडं उभा राहून काय बघतोस? पातं असं धर. जोर द्यायचा नाही, नुसतं टेकव. आवाज ऐक.

जावई : सारखा येतोय. मध्ये टकटक नाही.

सासरे : आधी टकटक होती. मला वाटायचं, मोटर नवी आहे म्हणून. बास कर. आता पातं रंध्यात घालू. फळी लाव शिकंज्यात.

लेक : बाबा, तुम्हीच मारा आधी.

सासरे : मारतो. ...ही ढलपी बघ. आरपार दिसतंय.

जावई : आणि फळी?

सासरे : तू फिरव बोट.

जावई : आडवं फिरवलं. उभं फिरवलं. काही नाही, बाबा.

सासरे : नीट बघ.

जावई : नीट बघितलं. काच आहे का?

सासरे : ...चहा निवला वाटतं तुझा.

लेक : केव्हाच. आणि फाटकाशी कुणीतरी आलंय. तो माणूस असणार. काय सांगू?

सासरे : ये म्हणावं. त्याला त्या खुर्चीवर बसव, चहा दे.

लेक : आणि रंधे?

सासरे : रंधे कामात आहेत म्हणून सांग. तू थांब रे, कुठं निघालास? दुसरी फळी लाव.