बेल्टातला गुलाल

आधी तिथी घाला ताई. आज तान्हा पोळा, सकाळची वेळ. हजर कोण, तर मी सुनंदा, माझा पोरगा निखिल, अन् लिहून घेणाऱ्या तुम्ही. हे बाजारात गेले आहेत. सासूबाई आतल्या खोलीत पडल्या आहेत, म्हणून मी हळू बोलून राहिले. मले असं ओळीनं सांगायची सवय आहे, आमच्या महिला मंडळाच्या सामानाची नोंदवही माझ्याकडेच असते ना.

मूळचे आम्ही अमरावतीकडचे. मामंजी, म्हणजे माझे सासरे, रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले अन् गुढियारीत घर केलं. रिटायर झाल्यावर त्यांनी गाडी घेतली, छोटी, पांढरी. काय सांगू तुम्हाला, सारा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, बघायला आला होता. त्याच वर्षी गणपती गाडीतून आणला अन् मग तो रिवाजच पडला. डाव्या हाताच्या पुढच्या सीटवर पाट, पाटावर देव, अन् सीट बेल्ट देवाच्या पोटावरून घेऊन आई, म्हणजे सासूबाई, मागून गाठ मारत. बेल्ट आपोआप आत ओढला जाते, मूर्तीचा रंग निघते, म्हणून तो पुरा बाहेर खेचून गच्च गाठ. मामंजी हसत, म्हणत, बुढे, मले कधी इतकं जपलं नाही तू. आई म्हणत, तुम्ही काय मातीचे आहा फुटायले?

विसर्जनालाही तसंच. खारून नदीच्या घाटावर पोचेपर्यंत गुलाल, पावसाचं पाणी, मूर्तीची ओली माती, सारं त्या बेल्टावर. घरी आलं की गाठ सोडायची, फडक्यानं पुसायचं, बेल्ट आत सोडायचा, झालं. दरसाल असंच, गाडी जुनी होईपर्यंत.

मागच्या हिवाळ्यात हे अन् मामंजी दुर्गला सोयऱ्यांकडे गेले होते. येताना गाय आडवी आली, यांनी गाडी वळवली, ती डिव्हायडरले धडकली. यांच्या छातीवर बेल्टाचा काळानिळा वळ उठला, बाकी काही नाही. शेजारी बसलेले मामंजी काचेवर गेले. दवाखान्यात नेलं, पण नाही राहिले ताई. जो येई तो विचारे, बेल्ट नसेल लावला. हे म्हणत, लावला होता, मी खटका ऐकला. कोणी मानलं नाही.

निखिलनं मानलं, अन् तेच वाईट झालं. गाडी सुधरून आली, तो तीच घेऊन रोज भिलाईला कामावर जाऊ लागला, बेल्ट न लावता. मी म्हणो, लाव रे बाबा. तो हिंदीत उत्तर दे, दादाजी ने भी तो लगाया था मम्मी, क्या हुआ? आता याले काय बोलायचं? गाडी दारातून निघाली की संध्याकाळपर्यंत मी फाटकाशी येरझारा घालो.

शेवटी ऑइल बदलायचं आहे म्हणून त्याले मिस्त्रीकडे नेलं. म्हटलं, भैया, आधी बेल्ट बघा. मिस्त्रीनं ड्रायव्हरकडचा झटक्यानं ओढला, तो जागच्या जागी अडकला. डावीकडचा ओढला, तो येतच राहिला, येतच राहिला. मग त्यानं खालचं झाकण उघडलं. आत माती दगडासारखी बसलेली, अन् त्यात गुलाबी गुलाल. तो म्हणे, दीदी, इसमें होली खेले हो क्या? मी गणपतीचं सांगितलं, तसे त्यानं हात जोडले. मग म्हणे, धक्का बसला की आतली चकरी अडकायला पाहिजे, तेव्हा बेल्ट माणसाले धरते. ही गच्च भरली आहे, कुठून धरणार? यांचा, ड्रायव्हरकडचा, बेल्टही बदला म्हणे, एकदा धक्का खाल्लेल्या बेल्टावर पुन्हा भरोसा नाही.

निखिल त्या मातीवर बोट फिरवत उभा होता. म्हणे, मतलब दादाजी ने सही लगाया था.

दोन्ही बेल्ट नवे बसले. निखिल आता लावते. ह्यांना सांगितलं, ते उठून मागच्या अंगणात गेले.

आता चतुर्थी तोंडावर आली. काल आई मले म्हणाल्या, नवीन बेल्ट घातले म्हणे, बरं केलं सुनंदा, यंदा देव नीट बांधता येईल. बांधू नका म्हटलं तर विचारतील, काहून? अन् काहूनचं उत्तर त्यांच्याच हातच्या गाठीत आहे. निखिल म्हणते, कुछ बहाना बना दो, मी मांडीवर धरीन मूर्ती. हे म्हणतात, म्हातारीले नको सांगू, मरून जाईल. मी म्हणते, बहाणा एक साल चालते, पुढच्या साली गाठ पडेलच, अन् त्या सीटवर घरचं कोणी ना कोणी बसतेच. मंडळात कोणाले काय सांगायचं ते मी दोन मिनिटात सांगते, पण इथं? सकाळपासून आत जाते, त्यांचे पाय चेपते अन् परत येते.

सारं निपटलं ताई. आईंना सांगायचं तेवढं राहिलं आहे.